पाठ टेकली का?

भाकरी तव्यावर होती आणि हलगी थांबली.

जत्रेच्या कुस्त्यांत हलगी मध्येच थांबत नाही. दुपारी वाजायला लागते ती शेवटची कुस्ती सुटेपर्यंत. आमचं घर मैदानाच्या वरच्या अंगाला आहे आणि चिंचेला बांधलेल्या भोंग्याचं तोंड नेमकं आमच्या चुलीकडे. हलगी थांबली तसा माझाही हात थांबला. मग भोंगा बोलला.

"कुस्तीशौकीन मायबापहो, सर्वांनी आपापल्या जागी उभे राहावे. ज्यांनी महाराष्ट्राची मैदानं गाजवली, ज्यांची पाठ या जिल्ह्याच्या मातीनं कधी पाहिली नाही, उंची सहा फूट, ऐन उमेदीतलं वजन शंभर किलो, आवडता डाव ढाक, ते आपले रंगनाथ पैलवान आज आपल्याला सोडून गेले. त्यांची कारकीर्द सांगतो आणि मग दोन मिनिटं शांत उभे राहू."

रंगनाथ पैलवान म्हणजे माझा नवरा.

ते नगरच्या दवाखान्यात होते. त्या दिवशी सकाळी त्यांच्या छातीचं ऑपरेशन होतं. मुलगा भारत आणि सून सोबत गेले होते. मी मागे राहिले, कारण निघताना ते म्हणाले होते, "जत्रंत घराला कुलूप नको. पाव्हणे उपाशी जातील." मी पाव्हण्यांसाठी भाकरी थापत होते आणि भोंगा माझ्या नवऱ्याच्या कुस्त्या एकेक करून सांगत होता.

भाकरी करपली. मी ती उलथली नाही.

दारात आले तर खाली सगळं मैदान उभं. टोप्या हातात, माना खाली. शेजारची शेवंता "आगं बाई गं" करत धावत आली. रडता रडताच तिनं माझा डावा हात धरला आणि उंबऱ्यावर आपटला. चार बांगड्या फुटल्या. परवाच जत्रेसाठी भरलेल्या होत्या. मी हात ओढून घेतला.

"शेवंते, थांब. आधी फोन लाव."

"आगं, भोंग्यावर सांगितलंय की!"

"भोंग्यावर सोपान हाय. फोन लाव."

भारतचा फोन लागेना. सुनेचा लागेना. शेवंता माझ्या उजव्या हाताकडे बघत होती, म्हणून तो मी पाठीमागे लपवला, फोन कनवटीला खोचला आणि मैदानाकडे निघाले. तिथं पोहोचेपर्यंत सोपान कोण ते सांगते. त्याशिवाय त्यानं काय केलं ते कळायचं नाही.

सोपान म्हणजे कुस्त्यांच्या मैदानात माईकवर बोलणारा माणूस. निवेदक म्हणतात त्याला. आष्टीपासून लिंबागणेशपर्यंत जिथं जत्रा तिथं सोपान. सत्तरीचा, वाळल्या शेंगेसारखा, गळ्यात गमछा, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक बंद. माझ्या नवऱ्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. मला वहिनी म्हणतो. मी त्याला भावजी म्हणते, राग आला की नुसतं सोपान.

मैदानात हा माणूस सलग चार तास बोलतो. पण हातातून माईक गेला की मुका. आमच्याकडे येतो, खांबाला टेकून बसतो, हो नाही करत नाही. विचारलं, जेवलात का, तर खाली बघतो. मग मी चहा देते. चहा संपला की रिकामा पेला त्याच्या हातात उरतो. तो पेला तोंडाशी जातो आणि मग थांबवून दाखवा. पेला नसला तर कणीस चालतं, पळी चालते. एकदा आमच्या बॅटरीवर बोलला. दिवे गेले होते, बॅटरी एकच, आणि ती याच्या तोंडाशी. आम्ही अंधारात जेवलो आणि सांगलीकडच्या एका पैलवानाची पहिली दहा वर्षं ऐकली.

पेल्यावर तो शुद्ध बोलतो. एरवी जे काय चार शब्द निघतात ते आमच्यासारखेच.

कुणीही भेटो, त्याची ओळख करून द्यायची रीत एकच. नाव, गाव, वजन, वस्ताद, आवडता डाव. माझा नातू जन्मला तेव्हा दवाखान्यात सगळे पेढे खात होते. सोपाननं सलाइनची रिकामी बाटली उचलली. "तालुका आष्टी! वजन तीन किलो शंभर! वस्ताद, प्रत्यक्ष आजोबा! आणि पहिली सलामी आत्ताच नर्सबाईंच्या अंगावर झालेली आहे!" नर्सनं त्याला बाहेर काढलं. गावात नवा ग्रामसेवक आला, तर ग्रामसभेत यानं माईक धरून विचारलं, "साहेबांचे वस्ताद कोण?" बिचाऱ्यानं आपल्या कॉलेजचं नाव सांगितलं. सोपान म्हणाला, "तालमीचं नाही, वस्तादाचं विचारलं." ग्रामसेवक वर्षभर त्याला टाळत होता.

आणि एक वाक्य. "पाठ टेकली का? नाही ना? मग कुस्ती चालू!" एसटी घाटात बंद पडली तरी हेच, माझे दात पडायला लागले तरी हेच. आमची म्हैस एकदा आजारी पडली. जनावरांच्या डॉक्टरांनी मान हलवली आणि ते हात धुवायला गेले. सोपान गोठ्यात आला, दाव्याचं टोक तोंडाशी धरलं आणि म्हशीला विचारलं, "पाठ टेकली का?" म्हैस कुशीवर पडली होती. पाठ टेकली नव्हती. ती पुढं तीन वेतं दूध देत होती. तेव्हापासून गावात हे वाक्य औषधासारखं चालतं.

त्याच्या खाटेखाली पत्र्याची पेटी आहे. पेटीत वह्या. शाळेच्या पोरांच्या असतात तशा, एका पैलवानाला एक. कोल्हापूरचे, सोलापूरचे, पंजाबातले, हरियाणातले, जे जे नावाजलेले ते सगळे त्या पेटीत. कोण कुणाच्या हाताखाली तयार झाला, कुणाला किती मिनिटांत पाडलं, कुणाकडून पडला, गुडघा कधी गेला, लग्न कधी झालं आणि लग्नानंतर वजन किती वाढलं. स्वतःच्या मुलाचा फोन नंबर याला पाठ नाही. मुलगा चाकणला कंपनीत आहे, दिवाळीला येतो.

पण वहीत जे लिहिलं ते लिहिलं. एकदा कोल्हापूरकडचे एक फार मोठे पैलवान आमच्या जत्रेला पाहुणे म्हणून आले. भाषण करता करता म्हणाले, अमक्याला मी सात मिनिटांत चीत केलं. सोपाननं दुसरा माईक उचलला. "माफी असावी पैलवान. ती कुस्ती पाऊण तास चालली आणि बरोबरीत सोडवली. आपण विसरलात." पैलवानांचे कान कुस्तीत मोडून गोळा झालेले असतात. तरी ते लाल झालेले सगळ्या मैदानानं पाहिले. त्या बाजूच्या जत्रांनी सोपानला दोन वर्षं बोलावलं नाही. मी म्हणाले, "भावजी, कावून नडता मोठ्या माणसाला?" त्यानं पेला उचलला. "खोटी कुस्ती माझ्या तोंडून जाणार नाही."

त्याची बायको कौसा चार वर्षांपूर्वी गेली. लोक भेटायला येत, हा भिंतीकडे बघत बसे. एक शब्द नाही. लोक म्हणाले, दगड आहे. दहाव्याला नदीवर सगळे जमले, तेव्हा यानं पाण्याचा तांब्या तोंडाशी धरला. "कौसाबाई. एकोणीस हंगाम ऊसतोड. कोयता डाव्या हाताचा. जोडीची दिवसाची तोड तीन टन, त्यातले दोन तिचे. पाठ कधी टेकली नाही. दुपारचीसुद्धा." मला हसू येणार होतं. आलं नाही.

तर मी मैदानात पोहोचले.

कुस्त्यांच्या मैदानात बाया उतरत नाहीत, कडेनं उभ्या राहतात. मी सरळ लाल मातीत गेले. माणसांनी वाट दिली. कुस्ती अर्ध्यावर सोडून दोन पैलवान एकमेकांचे हात धरून उभे होते. सोपान डोळे मिटून, गमछा तोंडात धरून उभा होता. मी त्याच्या हातातला माईक ओढला.

"कुणी सांगितलं तुला?"

त्यानं डोळे उघडले. तोंड उघडलं. काही निघेना. चूक माझीच होती. मी माईक परत त्याच्या हातात दिला. आता आमचं बोलणं चिंचेवरून सगळ्या गावाला ऐकू जात होतं.

"वहिनी," भोंगा म्हणाला, "तालीम बंद आहे. माती उकरलेली नाही. मुद्गल आडवे ठेवलेत."

आमच्या तालमीची रीत अशी, की वस्ताद गेला तर तालमीला कडी लावायची, त्या दिवशी आखाड्याची माती उकरायची नाही आणि फिरवायचे मुद्गल भिंतीला उभे असतात ते जमिनीवर आडवे ठेवायचे. तालमीचे वस्ताद म्हणजे माझा नवरा. सोपान मैदानाकडे येताना तालमीवरून आला होता. त्यानं खिडकीतून बघितलं आणि समजायचं ते समजून घेतलं.

"मग मला फोन नाही केला?"

"तुम्हाला कसं सांगू?" भोंगा म्हणाला.

मला एकटीला सांगायचं धाडस त्याला झालं नाही. म्हणून त्यानं चार हजार माणसांना सांगितलं.

"तालमीतली पोरं कुठायत?" मी विचारलं.

तेव्हा हलगीवाला दत्तू खाकरला. "मामी, पोरं तर पहाटंच जीप करून नगरला गेल्यात. पैलवानाला रगत द्यायला. भारतचा फोन आलता तालमीत."

"आन मुद्गल?"

"ते म्याच आडवं करा म्हनलो. मागल्या जत्रंत बारक्या पोराच्या पायावर पडला न्हाई का एक?"

"मग मघाशी बोलला का नाहीस रे?"

"मला कोन इचारतंय? मला म्हनले हलगी थांबव. थांबवली."

तालमीचं कोडं सुटलं, पण माझा नवरा जिवंत आहे असं यानं ठरत नव्हतं. रक्त द्यायला बोलावलं म्हणजे बरंच असतं असंही नाही. सोपान माझ्याकडे बघत होता, मी सोपानकडे. आयुष्यात त्याच्या तोंडाचा मला एवढा राग आला नव्हता, आणि ते तोंड खोटं ठरावं म्हणून मी एवढा नवसही कधी बोलले नव्हते.

कनवटीचा फोन वाजला. भारत होता.

"आई, झालं ऑपरेशन. फोन आत नेऊ देत न्हाईत गं. डोळं उघडलं आबांनी, आताच बघून आलो. कुस्त्या कशा चालल्यात इचारतायत."

मी फोन सोपानच्या कानाला लावला. भारतनं ते परत सांगितलं असावं. सोपान मातीत बसला. त्याच्या हातून सुटलेला माईक मी उचलला. मी माईकवर पहिल्यांदाच बोलत होते, म्हणून कामापुरतंच बोलले.

"मी रंगनाथ पैलवानाची बायको. ते जित्ते हायेत. खाली बसा सगळे, मागच्यांना दिसत न्हाई."

मग काय झालं ते विचारू नका. टोप्या उडाल्या, फेटे उडाले, दत्तूनं हलगी फोडायचीच बाकी ठेवली.

या गोंधळात सोपान निघून गेला. पुढच्या कुस्त्या एका मास्तरांनी सांगितल्या. त्यांना कोणता डाव कोणता ते कळत नव्हतं. लोकांनी त्यांना बरंच ऐकवलं.

सोपान घराबाहेर पडेना. लिंबागणेशकडून एका मैदानाचं आवतण घेऊन माणूस आला, त्याच्या हातात यानं चिठ्ठी दिली: जित्या माणसाला मी तोंडानं मारलं, ह्या तोंडापुढं आता माईक नको. मी रोज डबा घेऊन जात होते. चार दिवस रागात नेला, मग राग गेला आणि डबा तेवढा राहिला. जेवत होता, बोलत नव्हता. एक दिवस मी मुद्दाम रिकामा पेला त्याच्या पुढ्यात ठेवला. बराच वेळ बसले. त्यानं पेल्याकडे बघितलं आणि तो बाजूला सारला. तेव्हा मला काळजी वाटली. घरात बोलायला कौसा नाही, मुलगा लांब, आणि आता पेलाही नको. माणूस कायमचा गप्प व्हायला आणखी काय लागतं?

दहाव्या दिवशी पैलवान घरी आले. छातीवर उभी शिवण, अंगातलं वजन निम्मं गेलेलं. आल्या आल्या म्हणाले, "माझी मौत ऐकवा की." शेवंताच्या नवऱ्यानं भोंग्यावरचं सगळं मोबाइलवर भरून घेतलं होतं. ते खाटेवर पडून डोळे मिटून ऐकत राहिले. संपलं तर म्हणाले, परत लाव. मला वाटलं, चिडणार. म्हणाले, "सोपानला बोलव."

मी जाऊन त्याला दंडाला धरून आणलं. तो उंबऱ्याबाहेर थांबला.

"ये की आत. भूत न्हाई मी."

तो आत आला. खांबाजवळ बसला.

"पाठ टेकली का माझी?"

सोपाननं मान हलवली. नाही.

"मग कुस्ती चालू असताना निकाल कसा दिलास बे?"

सोपान रडायला लागला. मला वाटलं, झालं, मिटलं. मी चहा ठेवायला उठले. तेवढ्यात हे म्हणाले, "आन एक कुस्ती गाळलीस तू."

सोपानचं रडणं थांबलं. मान वर आली. माणूस मारल्याचा आरोप त्यानं सोसला होता, हा सोसवेना. बोटं मोजायला लागला.

"नांदूरघाट," हे म्हणाले. "सकाळची कुस्ती. लोक अजून जेवून यायचे व्हते. पंधरा-वीस मानूस असंल."

सोपानची बोटं थांबली. तो खाली बघायला लागला.

"कोण होतं समोर?" मी विचारलं.

"ह्योच की. एकोणीस वर्सांचा असंल. मला ढाक मारली ह्यानं, आन सरळ आभाळ दाखवलं. पुढच्या साली ह्यो गेला ऊस तोडायला, खांदा गेला, सपली ह्याची कुस्ती. ती ढाक मी त्या दिवशी शिकलो. जलमभर तीच मारून खाल्लं."

अठ्ठेचाळीस वर्षं संसार केला मी. ही कुस्ती मला कुणी सांगितली नव्हती. खोटी कुस्ती तोंडून न काढणारा हा माणूस मैदानामागून मैदान सांगत आला होता, की रंगनाथ पैलवानाची पाठ जिल्ह्याच्या मातीनं पाहिली नाही. आणि ज्यानं ती दाखवली तो स्वतःच.

"का गाळलीस?" यांनी विचारलं.

हातात काही नसताना सोपान पूर्ण वाक्य बोलल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "तुझी कारकीर्द बिघडली असती."

"माझ्या लई व्हत्या रे," हे म्हणाले. "तुझी तेवढीच."

मी पेला विसळला, पदराला पुसला आणि सोपानच्या हातात दिला. त्यानं तो मांडीवर धरून ठेवला. मग तोंडाशी नेला.

"नांदूरघाट. वेळ सकाळची. एका बाजूला रंगनाथ पैलवान. दुसऱ्या बाजूला, वजन सत्तर किलो, वस्ताद कोणी नाही, आवडता डाव ढाक..."

आणि अडकला. जगातल्या सगळ्या पैलवानांची नावं पुकारलेला माणूस, स्वतःचं नाव त्याला पुकारता येईना.

"पुढं," हे म्हणाले.

"...सोपान."

मग त्यानं ती कुस्ती सांगितली. सलामीपासून. उजवा हात कुठं गेला, डावा पाय कुठं अडवला, मैदानात त्या वेळी कोण कोण बसलं होतं. चार मिनिटांची कुस्ती, त्यानं पाऊण तास लावला. चहा दोनदा झाला. शेवटी पाठ टेकली तेव्हा हे टाळ्या वाजवायला गेले आणि टाक्यांनी कळवळले, म्हणून टाळ्या मी वाजवल्या. लिंबागणेशला सोपान येतो म्हणून निरोपही मीच धाडला.

त्या जत्रेत मेलं कुणी नाही. माझा नवरा आहे, सोपान आहे, मी आहे. फुटल्या त्या चार बांगड्या.